सत्यभामेची घागर

आमच्या वत्सलामामी तशा भांडखोर नव्हत्या. पण वर्षातून एक दिवस, आखितीला, त्या हटकून भांडायच्या आणि भांडणाचं कारणही दरवर्षी तेच असायचं: पाण्याची एक घागर. बाकीचं जग अक्षय तृतीया म्हणतं, आमच्या पाटोद्याकडं आखिती म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची नवी घागर आणायची, पाण्यानं भरायची, हळदकुंकू लावायचं, वर एखादं खरबूज ठेवायचं आणि पितरांना हात जोडायचे. उन्हाळा त्यांनाही लागत असणारच. मामांच्या घरी त्यांच्या वडलांची एक आणि आईची एक अशा दोन घागरी रीतसर मांडल्या जात. मग मामा तिसरी भरत. ती एका बाईच्या नावानं. ही बाई आमच्या नात्यातली नव्हती, गावातली नव्हती, आणि मुख्य म्हणजे ती मेलेली नव्हती.

"जित्या बाईची घागर भरता व्हय?" मामी कडाडायच्या. "तिचं काय बरंवाईट झालं तर पाप कुनाच्या माथी?"

मामा ती घागर उचलून बाहेर रस्त्याकडेच्या लिंबाखाली नेऊन ठेवत, वर तांब्या उपडा घालत आणि मग उत्तर देत, "म्हणून तर घरात न्हाई मांडली. जित्या मानसाची हाय, जितं मानूसच पिईल."

मामींचं यावर समाधान होत नसे. दुपारी पुरणपोळी वाढतानाही त्यांची धुसफूस चालू असायची. मामा मात्र त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खायचे.

रामहरीमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. निजाम सरकारच्या अमदानीत पाटोद्याच्या तहसील कचेरीत ते सायकलसवार होते. कचेरीचे कागद बीडला न्यायचे, बीडचे कागद पाटोद्याला आणायचे, अधूनमधून एखाद्या गावच्या पाटलाला निरोप द्यायचा. घरची जमीन धाकट्या भावाच्या नांगराखाली होती, मामांचं पोट त्या सायकलीवर होतं. सायकल अर्थात सरकारची. ती रोज पुसायची, दुसऱ्या कुणाला बसू द्यायची नाही, रियासतीच्या हद्दीबाहेर न्यायची नाही, आणि हरवली तर दुसऱ्या दिवसापासून कचेरीत तोंड दाखवायचं नाही, असा हुकूम पेशकारसाहेबांनी पहिल्याच दिवशी सुनावला होता. मामा तिला रात्री घरात घ्यायचे. सासू वारल्यावर तरी घरात जागा होईल असं मामींना वाटलं होतं, ती जागा सायकलीनं घेतली.

पहिलं महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. मामा पंचविशीतले, मामी त्याहून बऱ्याच लहान. एकदा सायकल पुसत असताना मामींनी विचारलं, "ह्या सायकलीवर बसून मानूस कुठवर जाऊ शकतो?"

"रस्ता संपंल तिथवर," मामा म्हणाले.

"मग तुमी कुठवर गेलाव?"

"बीडला."

"रस्ता बीडात संपतो?"

मामा पुसायचे थांबले. रस्ता बीडात संपत नव्हता हे त्यांना माहीत होतं. पण तो कुठं संपतो हे माहीत नव्हतं. मामी सहज बोलून चुलीकडं वळल्या असतील, त्यांना पुढच्या क्षणी ते आठवतही नसेल. मामांच्या डोक्यात मात्र ते जाऊन बसलं. पाटोद्याच्या बाजारात जामखेडहून येणाऱ्या गाडीवानांना त्यांनी विचारलं, रस्ता कुठं संपतो? गाडीवान हसले आणि म्हणाले, नगर, मग पुणं, मग घाट, मग समुद्र. समुद्रात कुठला रस्ता आलाय बाबा?

चैत्रात मामांनी सासऱ्याच्या आजारपणाची सबब सांगून रुखसत घेतली. सासरे तेव्हा तलवाड्याच्या बाजारात बैल विकत हिंडत होते, ठणठणीत. मामींनी याबद्दल पुढं वीस वर्षं ऐकवलं: "माज्या बापाला कचेरीत आजारी पाडलं ह्यांनी." जाताना मात्र भाकऱ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची कातडी पखाल त्यांनीच बांधून दिली. रस्ता कुठं संपतो ते सांगायला परत या, एवढंच म्हणाल्या.

हद्दीच्या नाक्यावर सायकल दिसली असती तर प्रवास तिथंच संपला असता. म्हणून सौताड्याच्या बाजूनं मामांनी ती खांद्यावर घेतली आणि रानातल्या वाटेनं हद्द ओलांडली. पलीकडं जमीन तीच, बाभळी त्याच, फक्त राज्य इंग्रजाचं. मामांना जरा निराशाच वाटली. पुढं नगर, पुणं, भोर. रात्री मारुतीच्या देवळात पडायचं, पहाटे निघायचं, ऊन चढलं की झाड बघायचं. वरंध्याच्या घाटात उतार असा लागला की ब्रेकमधून धूर निघायला लागला. आमच्याकडं उतारावर गाडीवान गाडीमागं लाकूड बांधून ओढत नेतात. मामांनी करवंदीची एक भलीमोठी फांदी तोडून सायकलीमागं बांधली आणि धुळीचा लोट उठवत ते कोकणात उतरले. वाटेत भेटलेल्या लोकांनी हात जोडले म्हणे. नक्की काय समजून जोडले ते मामांना कधी कळलं नाही.

समुद्र त्यांना पहिल्यांदा दिसला तो केळशीच्या वरच्या डोंगरावरून. मी लहानपणी विचारायची, मामा, पहिल्यांदा बघून काय वाटलं? मला वाटायचं, ते काहीतरी सुंदर सांगतील. मामा म्हणायचे, "मला वाटलं, येवढं पानी उघड्यावर पडलंय आन राखनीला कुनी न्हाई?" आमच्याकडं चैत्रात विहिरीवर माणूस बसवावा लागतो, तेव्हा त्यांचंही काही चुकलं नाही.

मग ते खाली उतरले आणि ओहोटीच्या ओल्या वाळूवर त्यांनी सायकल घातली. हे सांगताना मामा उभे राहायचे, दोन्ही हातांनी हँडल धरल्यासारखं करायचे. साऱ्या जन्मात त्यांना असा रस्ता मिळाला नव्हता. चाकोरी नाही, दगड नाही, बाभळीचा काटा नाही. एका बाजूला नारळीपोफळीच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि मधून पार त्या टोकापर्यंत सपाट, घट्ट, गार वाळू. वारा पाठीमागून. पाय मारायचीही गरज पडत नव्हती. पाटोद्याचा रामहरी सरकारी सायकलीवर बसून मोठमोठ्यानं अभंग म्हणत चालला होता आणि ऐकायला फक्त बगळे होते. वळून बघावं तर चाकाची खूण लाटेनं पुसून टाकलेली. आपण आलो होतो याला पुरावा काय, अशी त्यांना थोडी काळजी वाटली, मग तीही गेली.

चार दिवस ते असे किनाऱ्यानं हिंडले. वाळू संपली की डोंगर चढायचा, सायकल ढकलत न्यायची, माथ्यावर काजूच्या झाडाखाली दम खायचा आणि पलीकडं पुन्हा नवा किनारा उघडायचा. प्रत्येकाचा रंग वेगळा. कुठं वाळू पांढुरकी, कुठं काळसर, एका ठिकाणी तर तांबडे गोटेच गोटे. आंजर्ल्याची खाडी होडीतून ओलांडली तेव्हा सायकल मधोमध उभी होती आणि मामांनी तिला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं, कारण होडी हलत होती आणि मामांना पोहता येत नव्हतं, सायकलीलाही नाही. हर्णैला समुद्रात उभा असलेला किल्ला बघून त्यांना एकच प्रश्न पडला, आतल्या लोकांना प्यायचं पाणी कोण नेऊन देत असेल? खायला तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं मिळे. भाकरी पोटात जायची, पण भरल्यासारखं वाटायचं नाही. तरी लोक हाक मारून जेवू घालत होते. कुठून आला, असं विचारत. बीड म्हटलं की कुणालाच ठाऊक नसे. निजामाचं राज्य म्हटलं की माना हलवत.

पाचव्या दिवशी घोळ झाला.

ती वाडी कर्द्याच्या पुढं कुठंतरी होती. तिचं नाव मामा कधी एक सांगत, कधी दुसरं. सकाळची वेळ. समुद्र खूप आत गेलेला, खडक उघडे पडलेले, त्यांच्यात डबकी. चार दिवस रोज किनारा नवा, एका जागी बसून पाणी येताजाताना मामांनी कधी बघितलं नव्हतं. त्यांना समुद्राची दया आली. खरंच दया आली. आमची मांजरा नदी पाटोद्याच्याच डोंगरात उगम पावते. माघापासून ती मागं सरकायला लागते आणि चैत्रात डबक्यांवर येते. एकदा सरकलेलं पाणी मृग बरसेपर्यंत परत येत नाही, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. मामा म्हणाले, "मला वाटलं, ह्योबी बिचारा आटत चाललाय."

आता आटलेल्या पात्रात सायकल ठेवायला कसली भीती? त्यांनी ती एका खडकाला टेकवून ठेवली. पखालीतलं पाणी संपलं होतं. मग नदीच्या पात्रात आपण जे करतो तेच त्यांनी केलं. वर, वाळू थोडी कोरडी होती तिथं बसून दोन्ही हातांनी झिरा उकरायला घेतला. हात कोपरापर्यंत आत गेला तेव्हा पाणी लागलं. मामा खूश झाले, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. मग बराच वेळ थुंकत बसले. खाडीवर, होडीत, चार दिवस पाण्याशेजारी असूनही त्यांनी समुद्राचं पाणी तोपर्यंत चाखलं नव्हतं. खारं असतं हे ऐकलं होतं, पण वाळूतून गाळून आल्यावर गोड होत असेल असा त्यांचा समज. थकून ते उंडीच्या झाडाच्या सावलीत आडवे झाले आणि डोळा लागला.

जाग आली तेव्हा समुद्र झाडापासून वीसेक पावलांवर होता. खडक नव्हते. सायकल नव्हती.

मामांच्या डोक्यात पहिलं काय यावं? चोर! पाणी येऊन सायकल नेईल हे आमच्या मुलखातल्या माणसाच्या स्वप्नातही येणार नाही. ते उठले आणि वाडीकडं धावत सुटले. पहिल्याच घरापुढं एक बाई मासळी वाळत घालत बसली होती. चाळिशीची असेल, काळीसावळी, काष्टा घातलेली. मामांनी तिच्यापुढं जाऊन आरडाओरडा सुरू केला, "माझी सायकल कुनी नेली? तुमच्या गावात चोर हायेत! सरळ सांगा, न्हाईतर मी निजाम सरकारचा मानूस हाय!"

बाईनं शांतपणे विचारलं, "कुठं ठेवली व्हतीस?"

मामांनी समुद्राकडं बोट दाखवलं. "तिथं. दगडाला."

बाई असं हसायला लागली की हातातली टोपली खाली पडली. शेजारणी गोळा झाल्या, त्यांना सांगताना पुन्हा हसली. "पान्यात ठेवली! भरतीच्या तोंडाला ठेवली!" सगळी वाडी हसली. भरती-ओहोटी म्हणजे काय ते एका म्हाताऱ्यानं मामांना समजावून सांगितलं. रोज दोनदा जातो आणि दोनदा येतो, पाऊस असो नसो. मामांनी ते ऐकून घेतलं. ते तिथंच मासळीच्या शेजारी वाळूत बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "सायकल माझी न्हाई. सरकारची हाय. न विचारता आनली हाय. ती गेली की नोकरी गेली, बायकूला काय तोंड दाखवू?"

बाईचं हसू तिथंच थांबलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. "लोखंड हाय, तरंगत नाय जायचं," ती म्हणाली. "पानी उतरू दे. तवर जेवून घे."

तिचं नाव सत्यभामा.

दिवस कलताना पाणी उतरायला लागलं. सत्यभामेनं हाक दिली आणि वाडीतली धडधाकट माणसं, बाया आणि पुरुष, गुडघाभर पाण्यात ओळीनं उभी राहिली. पायानं वाळू चाचपत एकेक पाऊल पुढं जायचं, अशी त्यांची जाळ्याचं वजन किंवा नांगर हरवला की शोधायची पद्धत होती. मामाही त्या ओळीत उभे होते, सत्यभामेचा हात धरून, कारण लाट आली की त्यांना धरणी सरकल्यासारखी वाटे. सूर्य बुडायला टेकला असताना कुणीतरी ओरडलं. सायकल ठेवल्या जागेपासून बरीच बाजूला, दोन खडकांच्या बेचक्यात, चाकांच्या आसापर्यंत वाळूत रुतून बसली होती. शेवाळानं माखलेली, आणि सीटवर एक खेकडा. मामा म्हणायचे, "माझ्या जागंवर त्योच बसला व्हता सायकलसवार होऊन."

चौघांनी ती उपसून काढली. मामांना आकाश ठेंगणं झालं. ते सगळ्यांच्या पाया पडायला निघाले, पण तो म्हातारा सायकलीवर हात फिरवून म्हणाला, "नुसती काढून काय उपेग? खारं पानी लोखंडाला खातं. गोड्या पान्यानं धुतली नाय तर दोन दिवसांत साखळी तुटंल, आठ दिवसांत सगळी सडंल."

यावर कुणीच काही बोललं नाही. मामांना कळेना, गप्प का झाले. मग सत्यभामेनं कंबरेवर हंडा घेतला आणि ती टेकडीकडं चालायला लागली. मागोमाग एकेक बाई उठली. मामा सायकल खांद्यावर घेऊन त्यांच्या पाठीमागं गेले आणि वर पोचल्यावर त्यांना ते मौन समजलं.

वाडीला गोड्या पाण्याची एकच विहीर होती. विहिरीत तळाशी एक बाई उभी होती. दगडातून झिरपणारं पाणी ती नारळाच्या करवंटीनं हंड्यात भरत होती, एक करवंटी, मग थांबायचं, मग दुसरी. काठावर हंडे रांगेत लावलेले. हे दृश्य मामांना परकं नव्हतं. त्यांची आई अशीच विहिरीत उतरायची. वत्सलामामी घरी अशीच उतरत होत्या. एका हंड्याला किती वेळ लागतो, तो भरून घरी नेल्यावर आधी कुणाला द्यायचा, भांडी राखेनं कोरडी का घासायची, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. समोर एवढा समुद्र पसरलेला आणि या बाया करवंटीनं पाणी वेचत होत्या.

"नको माय," मामा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. लोखंडाला कुनी पानी घालतं का? सडू द्या."

"गप ऱ्हा," सत्यभामा म्हणाली. "पानी आमचं, सायकल तुझी. तू मधी कशाला बोलतोस?"

पाळीनं भरून झालेला आपला हंडा तिनं उचलला आणि सायकलीवर ओतला. आधी साखळीवर, मग आसांवर, मग तारांवर, अगदी एक थेंब वाया जाऊ न देता. तिच्यामागून दुसरीनं ओतला. मग तिसरीनं. घरटी एकेक हंडा. चिंधीनं पुसून झाल्यावर सत्यभामेनं घरातून खोबरेल आणलं आणि बायांनी मिळून साखळीला, तारांना, हँडलला ते चोळलं, बाळंतिणीच्या पोराला चोळावं तसं.

मामा इथं आले की गोष्ट थांबायची. ते उपरण्यानं डोळे टिपायचे आणि आम्ही वाट बघत बसायचो. मग म्हणायचे, "आधी रडलो ते नोकरीसाठी. हिरीवर कावून रडलो ते मला अजून उमगलं न्हाई. त्या बायांना काय पडलं व्हतं गं? मी त्यास्नी चोर म्हनलो व्हतो." मामा फार देवदेव करणारे नव्हते. पण आपल्या आयुष्यात आपल्यावर उपकार झाले, आणि ते फेडता येणार नाहीत, हे सांगताना त्यांना कधी लाज वाटली नाही. उलट त्यांना त्याचा आनंद वाटे. असे उपकार व्हायलाही नशीब लागतं, असं ते म्हणत.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी आपली घोंगडी सत्यभामेपुढं ठेवली. देण्यासारखं त्यांच्याजवळ तेवढंच होतं. "आमच्याकडं थंडी कुठली?" ती म्हणाली. मग मामांचा चेहरा बघून तिनं ती उचलली. "बरं, पावसाची हुईल." आणि तिनं सहज विचारलं, "तुमच्या गावात तरी पानी हाय ना?"

मामांच्या डोळ्यांपुढं आटलेली मांजरा आली, विहिरीत उतरलेल्या मामी आल्या. पण ज्या बाईनं आपल्या घरचा हंडा त्यांच्या सायकलीवर ओतला तिला 'न्हाई' कसं सांगायचं? तिला वाटलं असतं, आपण तहानलेल्या मुलखातल्या माणसाचं लोखंड धुतलं आणि त्याला पोटभर प्यायला दिलंच नाही. मामा म्हणाले, "हाय. लई हाय. येनाऱ्याजानाऱ्याला पुरंल येवढं हाय."

"बरं हाय मग," सत्यभामा म्हणाली, आणि तिला खरंच बरं वाटलेलं दिसलं.

आखितीच्या दोन दिवस आधी मामा घरी पोचले. मामी दारात आल्या, मामांकडं बघायच्या आधी त्यांनी सायकलीचा वास घेतला. "खोबरेल? सायकलीला खोबरेल? आन हितं माज्या डोस्क्याला करडीचं तेल!" हे झाल्यावर मग त्यांनी विचारलं, "कुठं संपतो रस्ता?"

"हिरीवर," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पेशकारसाहेबांनी सायकलीचा जायजा घेतला. चाकं फिरवली, साखळी बघितली, सगळं ठाकठीक. मग घंटी वाजवली. घंटी वाजेना. धुता धुता बायांच्या हातून तिचं पोट राहून गेलं होतं, आत मीठ धरलं होतं.

"घंटी को क्या हुआ बे?"

मामांना खोटं सुचेना. आधीचं एक सासऱ्याच्या नावावर होतंच. ते खाली मान घालून म्हणाले, "पानी लगा साब."

"पानी?" साहेब चष्म्यावरून बघत राहिले. "इस मौसम में? पाटोदे में? पानी?" आणि ते हसायला लागले. कारकून हसले, शिपाई हसला. वैशाखात पाटोद्यात पाण्यानं एखादी वस्तू बिघडावी याहून मोठा विनोद त्या कचेरीत कुणी ऐकला नव्हता. नवी घंटी मागवायचा हुकूम झाला आणि मामांची नोकरी राहिली. ते पुढं बरीच वर्षं सायकलसवार होते.

आणि त्या आखितीला त्यांनी तिसरी घागर आणली. मामी पहिल्यांदा भांडल्या तेव्हा मामांनी एकदाच नीट सांगितलं. "मी तिला सांगून आलोय, पाटोद्यात पानी हाय म्हणून. येनाऱ्याजानाऱ्याला पुरंल म्हणून. निदान येक घागर तरी असाया पायजे का न्हाई?" मामींना ते पटलं नाही असं नाही. पण त्या काळात विहिरीत उतरायच्या त्या मामी, मामा नव्हे, म्हणून त्यांना भांडायचा हक्क होता आणि तो त्यांनी सोडला नाही. घागरीचं पाणी मात्र दरवर्षी मामीच विहिरीतून आणत. लिंबाखाली थांबणारे गाडीवान, बाजारकरू, फकीर, जो येईल तो प्यायचा. कुणी सायकलवाला आला तर मामा त्याला थांबवून म्हणायचे, तांब्याभर सायकलीवर बी वत. लोक त्यांना थोडं वेडं समजायचे.

रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधी मामा गेले. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत आटोपलं. त्या साली पाऊसही नावालाच झाला होता. पुढच्या आखितीला मी माहेरी आले होते, म्हणून मामींकडं गेले. विहीर तळाला टेकलेली. मामींच्या अंगात पूर्वीचं बळ राहिलं नव्हतं, तरी पहाटे उठून त्या आपल्या पाळीला उभ्या राहिल्या होत्या. घरात सासू-सासऱ्यांच्या दोन घागरी मांडल्या, शेजारी मामांची नवी ठेवली. तिला मामींनी कुंकू लावलं. मग त्यांनी आणखी एक काढली.

मला वाटलं, आता भांडायलाही कुणी उरलेलं नाही, तर मीच सोपं करून द्यावं. मी म्हणाले, "मामी, सत्यभामाबाई आता कुठल्या असायला? गेल्या असतील बिचाऱ्या. त्यांची घागर मामांशेजारीच मांडू या. वादच मिटला."

मामी गरकन वळल्या. "ती गेल्याचा निरोप आलाय तुला?"

"तसं नाही, पण..."

"मग कावून मारतीस तिला? माज्या घरात कुनी तिला मेली म्हनायचं न्हाई." त्यांनी घागर उचलली. मी धरू लागले तर हात झटकला. भरलेली घागर कडेवर घेऊन, मध्ये दोनदा टेकवत, त्या रस्त्यापर्यंत गेल्या आणि लिंबाखाली बसल्या. मी जवळ जाऊन बसले तेव्हा म्हणाल्या, "त्यांनी तिला सांगितलंय गं, पाटोद्यात पानी हाय. त्यांचा शबद खोटा पडू द्यायचा न्हाई."

बराच वेळ कुणी आलं नाही. मग जामखेडच्या बाजूनं एक कापडविक्या सायकलीवरून आला, मागं गठ्ठा बांधलेला, घामानं डबडबलेला. मामींनी त्याला हाक मारली. तो घटाघटा दोन तांबे प्यायला, तोंड पुसलं आणि आशीर्वाद देऊन निघाला.

"थांब बाबा," मामी म्हणाल्या. त्यांनी तिसरा तांब्या काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला. "ह्यो सायकलीवर वत. साखळीवर वत, आसावर वत. सांडू नको."

कापडविक्यानं आधी मामींकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या उन्हाळ्यात पाण्याची काय गत होती ते त्यालाही ठाऊक होतं. पण त्यानं सायकल लिंबाला टेकवली. खाली वाकून तो साखळीवर हळूहळू पाणी ओतायला लागला.